भूकंपग्रस्त गावात पिण्याचे पाणी पोहोचवताना: नव्या स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शक

टँकरच्या तोटीखाली परीक्षानळी धरली, ओटी (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन तपासण्याचे रसायन) द्रावणाचे थेंब टाकले आणि पाणी लगेच पिवळे झाले. म्हणजे त्यात क्लोरीन होते. त्याच टँकरचे पाणी तासाभरापूर्वी शंभर पावलांवरच्या ताडपत्रीखाली एका घागरीत भरून नेलेले होते. त्या घागरीतले पाणी नळीत घेतले, तेव्हा मात्र त्याला कसलाही रंग चढला नाही. घागरीवर झाकण नव्हते, तळाशी एक फुलपात्र बुडालेले होते आणि तीन मुले आळीपाळीने कोपरापर्यंत हात घालून पाणी पीत होती.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी लातुरात शिकत होतो. पुढचे काही आठवडे आम्ही मित्र औसा आणि उमरगा तालुक्यांतल्या गावांत पाणी वाटत होतो. पाणी आणणारे पुष्कळ होते, परंतु ते घागरीत गेल्यावर त्याचे काय होते, हे पाहणारे जवळजवळ कोणी नव्हते, आणि आमच्याही ते फार उशिरा लक्षात आले. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसल्यानंतर अनेक तरुणांनी मला विचारले की वेळ आलीच तर काय करायचे. त्यांच्यासाठी ही पद्धत क्रमाने लिहून ठेवत आहे.

१. निघण्यापूर्वी: कोणाला कळवावे, काय सोबत घ्यावे

गाडीत पाणी भरून थेट गावाकडे निघणे ही पहिली चूक असते. रस्त्यावर रुग्णवाहिका आणि ढिगारे उपसणारी यंत्रे यांना वाट हवी असते, आणि नेमक्या त्याच वेळी मदतीच्या गाड्यांची व बघ्यांची गर्दी तोच रस्ता अडवून बसते. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ या क्रमांकावर फोन करून कोणत्या गावाला टँकर पोहोचलेला नाही ते विचारावे. त्यानंतर तहसीलदार किंवा पंचायत समितीचे गटविकास अधिकारी यांच्याकडून गावाचे नाव लिहिलेले पत्र घ्यावे. पत्र मिळायला अर्धा दिवस गेला तरी चालेल. त्याच्याशिवाय दोन संस्था एकाच गावात पोहोचतात आणि शेजारचा तांडा कोरडा राहतो.

सोबत ठेवायची कागदपत्रे: तुमचे ओळखपत्र, वरील पत्र, टँकरचे नोंदणीपत्र व विमा, चालकाचा परवाना, आणि जिथून पाणी भरणार त्या उद्भवाचा (विहीर, बोअर अशा पाण्याच्या स्रोताचा) तपासणी अहवाल (नसल्यास तो मिळवण्याची खटपट त्याच दिवशी सुरू करावी).

साहित्य: बंद पाकिटातली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, ओटी संच, ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, प्लास्टिकच्या दोन बादल्या, ढवळायला लाकडी काठी, रबरी हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, तुरटी, मोजपट्टी, दगड बांधलेली दोरी, जास्तीच्या तोट्या, पाना, टेफ्लॉन टेप, होजपाइप, विजेरी, आणि एक जाड वही. पावडर आणि डिझेलचा कॅन एकाच ठिकाणी कधीही ठेवू नयेत, कारण टीसीएलचा तेलाशी संपर्क आल्यास आग लागू शकते.

२. आधी माणसे मोजा, मग लिटर

गावात पोहोचल्यावर पोलीस पाटील, आशाताई किंवा जलसुरक्षक (गावच्या पाण्याची देखरेख करणारा ग्रामपंचायतीचा माणूस) यांच्यापैकी जो भेटेल त्याला सोबत घेऊन वस्तीवार आकडा लिहून काढावा. आपत्तीत निव्वळ जगण्यासाठी पिण्याला माणशी दिवसाला अडीच ते तीन लिटर लागतात. स्वयंपाक आणि अंगाची किमान स्वच्छता धरून १५ लिटरपर्यंत पोहोचणे हे आंतरराष्ट्रीय मदतकार्यात मानलेले प्रमाण आहे. बाराशे वस्तीच्या गावाला त्या हिशेबाने १८,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरच्या रोज दोन खेपा लागतील.

शहरातून आलेले स्वयंसेवक इथे जनावरे विसरतात. बैल, गाय किंवा म्हैस यांना दिवसाला २० ते ३० लिटर पाणी लागते आणि शेळीला पाचेक लिटर. ते हिशेबात धरले नाही, तर शेतकरी आपल्या वाट्याची कळशी गोठ्यात रिकामी करील आणि त्यात त्याचे काहीच चुकणार नाही. जनावरांसाठी क्लोरीन न घातलेल्या पाण्याचा वेगळा हौद पिण्याच्या टाकीपासून दूर करावा.

गावठाण, गावकुसाबाहेरची वस्ती, तांडा आणि शेतातले आखाडे यांची नावे वहीत वेगवेगळी लिहावीत. टँकर नेहमी चौकात किंवा मंदिरासमोर थांबतो, आणि ज्यांना एरवीही पाण्यासाठी शेवटी उभे राहावे लागते त्यांना भूकंपानंतरही शेवटीच उभे राहावे लागते. दलित वस्तीला आणि तांड्याला पहिल्या दिवसापासून स्वतंत्र टाकी द्यावी. ‘रांगेत सगळे सारखे’ असे कोणी सांगितले, तरी रांग प्रत्यक्ष उभी राहून पाहावी.

३. उद्भव तपासा

धक्क्यानंतर बेसॉल्ट खडकातल्या भेगा उघडतात किंवा दाबल्या जातात. त्यामुळे काही विहिरींचे पाणी अचानक वाढते, काही बोअर आटतात, आणि कालपर्यंत नितळ असलेल्या हापशाला गढूळ पाणी येऊ लागते. बोअरचा केसिंग पाइप सरकला असेल, तर वरच्या थरातले घाण पाणी आत उतरते. गावातला जुना आड तर पहिल्या पावसापर्यंतसुद्धा भरवशाचा राहत नाही, कारण पडलेली शौचालये, मेलेली जनावरे आणि ढिगाऱ्यातला कुजका दाणा यांचे पाणी झिरपून तिथेच जाते.

म्हणून पहिले काही दिवस गावाबाहेरचा, मळ्यातला किंवा शेजारच्या गावचा बोअर पाहावा. दुष्काळात मराठवाड्यात खासगी विहिरी आणि बोअर अधिग्रहित करण्याची सरकारी रीत सर्वांना परिचयाची आहे. तोच मार्ग तहसीलदारांकडून इथेही वापरता येतो, आणि मालकाशी तोंडी व्यवहार केल्यामुळे होणारी भांडणे टळतात. पंप सुरू केल्यावर पाणी निवळ होईपर्यंत ते वाहून जाऊ द्यावे, आणि नमुना जिल्ह्याच्या किंवा उपविभागाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवावा. एच२एसच्या (जंतू तपासणीच्या) बाटलीत नमुना भरून ठेवला आणि २४ ते ४८ तासांत तो काळा पडला, तर पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू आहेत असे समजावे.

एक इशारा वेगळा देतो. फ्लोराइड आणि नायट्रेट क्लोरीनने जात नाहीत, उकळूनही जात नाहीत. आपल्याकडच्या खोल बोअरच्या पाण्यात हे दोन्ही काही भागांत आढळतात, म्हणून एखादा बोअर महिनोन्‌महिने वापरायचा असेल, तर फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे याची खात्री प्रयोगशाळेकडूनच करून घ्यावी.

विहिरीच्या काठावर वाकून पोहरा सोडू नये. दगडी बांधणी सैल झालेली असते आणि नंतरचे धक्के अनेक दिवस बसत राहतात. गावचा उंच जलकुंभसुद्धा अभियंत्याने पाहिल्याशिवाय भरू नये, मग तो बाहेरून कितीही धडधाकट दिसो.

४. टँकर आत काय वाहत होता ते विचारा

आमच्याकडे एकदा आलेल्या टँकरचे पाणी बायकांनी तोंडात घेऊन थुंकले. झाकण उघडून नाक लावले, तेव्हा मळीचा आंबूस वास आला. टँकर साखर कारखान्याच्या कामावरून सरळ आमच्याकडे वळवलेला होता. मळी निदान वासाने कळते. कीटकनाशक किंवा रसायन वाहिलेला टँकर कळणार नाही. चालकाला मागच्या तीन फेऱ्या विचाराव्यात, आणि रसायन, इंधन किंवा मैला वाहिलेला टँकर कितीही घासून दिला तरी परत पाठवावा.

उरलेला टँकर घासून धुवावा, मग १००० लिटरला १५० ग्रॅम या प्रमाणात ताजी टीसीएल घालून भरून २४ तास ठेवावा, ते पाणी विहीर किंवा तळे जवळ नसेल अशा जागी सोडावे आणि स्वच्छ पाण्याने दोनदा खंगाळावा. बंद टाकीत एकट्याने उतरू नये. आत क्लोरीनचा वायू साचलेला असू शकतो.

५. क्लोरीन: इथे घाई करू नका

गढूळ पाण्यात क्लोरीन घालणे म्हणजे पावडर वाया घालवणे. मातीचे कण क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतूंना आडोसा देतात. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून ते तास-दोन तास संथ ठेवावे, वरचे निवळ पाणी हळूच वेगळे काढावे, चारपदरी कापडातून गाळावे, आणि मगच पावडरीला हात लावावा.

ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीनचे प्रमाण साधारण ३३ टक्के असते. पाकीट उघडे राहिले, दमट खोलीत पडले किंवा उन्हात तापले की ते झपाट्याने उतरते, आणि पावडर दिसायला मात्र तशीच पांढरी राहते. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात वर्षभर पडलेले पोते मोठ्या आनंदाने तुमच्या हवाली केले जाईल. ते फरशी धुवायला वापरावे.

निवळ पाण्याला १००० लिटरमागे ५ ग्रॅम या प्रमाणाने सुरुवात करावी. १०,००० लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम लागतात, म्हणून आदल्या रात्री काट्यावर ५० ग्रॅमच्या पुड्या बांधून कोरड्या डब्यात ठेवाव्यात; पहाटे अंधारात, झोपाळू हातांनी, ‘अंदाजे एक मूठ’ हे माप कोणाच्याही हातून सुटते. विहिरीचा हिशेब करायचा असेल, तर मोजपट्टीने व्यास आणि दगड बांधलेल्या दोरीने पाण्याची खोली मीटरमध्ये घ्यावी; व्यासाला व्यासाने गुणून, त्याला ३.१४ ने आणि खोलीने गुणावे, चारने भागावे आणि हजाराने गुणावे. चार मीटर व्यासाच्या आणि अडीच मीटर पाणी असलेल्या विहिरीत याप्रमाणे ३१,४०० लिटर पाणी निघते, आणि तिला सुमारे १५७ ग्रॅम पावडर लागते.

पावडर कधीही थेट टाकीत टाकू नये. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशीसारखी पेस्ट करावी, बादली पाऊण भरून ढवळावी आणि दहा मिनिटे ठेवावी. तळाशी चुना बसतो. वरचे निवळच तेवढे टाकीत ओतावे आणि चुना दूर पुरावा. हा चुना टाकीत गेला की लोक पांढऱ्या पाण्याची तक्रार करतात, आणि ती रास्त असते.

द्रावण टँकर अर्धा भरल्यावर ओतावे. उरलेले पाणी पडताना ते ढवळले जाते आणि रस्त्याच्या खडखडाटात पूर्ण मिसळते. क्लोरीनला काम करायला किमान अर्धा तास लागतो, तो प्रवासातच निघून जातो. गावात पोहोचल्यावर तोटीचे पाणी तपासावे: मुक्त क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक राहिलेले) लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास असावे, म्हणजे घरात पोहोचेपर्यंत ते ०.२ च्या खाली जात नाही. ओटीचा रंग थेंब टाकल्यावर दहा सेकंदांच्या आत संचातल्या रंगपट्टीशी ताडून पाहावा. पाच मिनिटांनी गडद झालेला रंग मुक्त क्लोरीनचा नसून एकूण क्लोरीनचा असतो, आणि त्यावर विश्वास ठेवून अनेकांनी कमी मात्रेचे पाणी वाटले आहे. ओटीचे रसायन विषारी आहे, म्हणून तपासलेले पाणी कोणी पिणार नाही अशा ठिकाणी ओतावे आणि हात धुवावेत. डीपीडीचा (क्लोरीन तपासण्याचा दुसरा) संच मिळाला तर तो अधिक अचूक असतो. रंग आलाच नाही, तर मात्रा थोडी वाढवावी, अर्धा तास थांबावे आणि पुन्हा तपासावे.

क्लोरीनच्या गोळ्या वाटायच्या असतील, तर सगळ्या गोळ्या एकाच ताकदीच्या आहेत का ते आधी पाहावे. पाच लिटरची गोळी आणि वीस लिटरची गोळी दिसायला सारखीच असते. दोन संस्थांच्या गोळ्या एकाच गावात आल्या की गोंधळ ठरलेला. अशा वेळी एक प्रकार ठेवून दुसरा परत पाठवावा.

६. टाकी कुठे बसवावी

पडक्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, विजेच्या तारांपासून दूर, टणक आणि किंचित उंच जागी टाकी बसवावी. काळ्या मातीत पाणी सांडले की दुपारपर्यंत चिखल होतो, म्हणून खाली मुरूम किंवा ढिगाऱ्यातल्या फरश्या टाकाव्यात आणि सांडपाण्याला चर काढून द्यावा. अडीचशे माणसांमागे एक तोटी धरावी. सर्वांत लांबच्या झोपडीपासून टाकी ५०० मीटरच्या आत असावी. पाणी भरायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत असेल, तर लोक पुन्हा जुन्या आडाकडे वळतात. तोटी इतक्या उंचीवर असावी की घागर खाली टेकवून सरळ भरता येईल. टाकीच्या तोंडाला कुलूप लावावे, आणि किल्ली टाकीजवळ राहणाऱ्या एखाद्या बाईकडे द्यावी. मला तरी तिच्याहून चोख राखणदार कोणी भेटलेला नाही.

७. घागर ते पेला

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, आणि पहिल्या गाडीने ५ लाख लिटर आणले. एवढे पाणी एवढ्या दूरून आणता येते, हे आपण पाहिलेले आहे. पाणी बिघडते ते शेवटच्या दहा फुटांत, आणि तिथे स्वयंसेवकांपैकी कोणी उभे राहत नाही.

प्रत्येक कुटुंबाला झाकणाची किंवा अरुंद तोंडाची दोन भांडी मिळाली आहेत का, ते आधी पाहावे. एकात पाणी आणायचे, दुसऱ्यात साठवायचे. घरे माळवदाची असतील, तर हंडे, रांजण, सगळे मातीखाली चेपलेले असते, आणि ढिगाऱ्यातून काढलेल्या पिचक्या कळशीत लोक पाणी भरू लागतात. बिसलेरीच्या खोक्यांऐवजी तोटी असलेले वीस लिटरचे कॅन पाठवा, असे देणगीदारांना स्पष्ट सांगावे. तोटीचा कॅन नसेल, तर लांब दांड्याचे ओगराळे द्यावे आणि ते दोरीने झाकणाला बांधावे, म्हणजे फुलपात्र आत बुडत नाही. हे एवढेच केले, तरी घागरीतल्या पाण्याला ओटीचा पिवळा रंग येऊ लागतो. मी तो स्वतः पाहिला आहे.

वासाची तक्रार येईलच. एका ताडपत्रीखाली एक आजी टँकरचे पाणी भांडी घासायला वापरत होत्या आणि नातवाला जुन्या आडाचे पाणी देत होत्या. कारण विचारले, तर म्हणाल्या, “बाबा, ह्या पाण्याला दवाखान्यावाणी वास यायलाय, लेकराला कसं पाजू?” त्यांना जंतूंविषयी व्याख्यान देऊन काही झाले नसते. त्या दिवशी आमची मात्रा खरोखरच जास्त झाली होती, हे तपासल्यावर कळले. मात्रा कमी केली, त्यांच्यासमोर त्याच घागरीतले पाणी प्यायलो, आणि प्यायचे पाणी तासभर आधी स्वच्छ कापड बांधून ठेवले तर वास उतरतो, हे करून दाखवले. तेव्हापासून वासाची तक्रार आली की मी आधी परीक्षानळी काढतो आणि मग बोलतो.

पाणी उकळा, असा सल्ला सरसकट देऊ नका. गॅसची टाकी ढिगाऱ्याखाली आणि सरपण भिजलेले, अशा अवस्थेत बाई चुलीवर आधी भाकरी थापेल की पाणी उकळेल? तान्ह्या बाळापुरते पाणी मात्र खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवून घ्यावे.

८. हगवण सुरू झाली तर

एकाच वस्तीत दोन-तीन घरांतून जुलाब-उलट्या कळल्या, की आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच तासाला कळवावे, आणि त्या घरांतल्या घागरींचे पाणी तपासावे. क्षारसंजीवनीची पाकिटे नसतील, तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. औषध देणे हे तुमचे काम नाही.

९. वही आणि निरोप

प्रत्येक खेपेची तारीख, वेळ, उद्भव, लिटर, घातलेली पावडर, तोटीजवळचा क्लोरीन आणि कोणत्याही दोन घरांतल्या घागरींचा क्लोरीन वहीत लिहावा. खाली गावातल्या दोन बायकांची सही किंवा अंगठा घ्यावा. टँकर न येता खेप लागल्याची तक्रार पुढे कधी निघालीच, तर ही वही कामाला येते.

पहिल्या आठवड्यापासूनच गावचा जलसुरक्षक आणि दोन मुली यांच्या हातून पावडर मोजून घ्यावी. तुम्ही बाजूला उभे राहावे, चुकले तरी चमचा हातातून काढून घेऊ नये. निघायच्या चार दिवस आधी सगळे त्यांच्यावर सोपवावे आणि गावातच राहून नुसते पाहावे. निघताना उरलेली बंद पाकिटे, काटा, ओटीची बाटली (तिच्यावरची मुदतीची तारीख मोठ्या अक्षरात लिहून), टाकीची दुसरी किल्ली आणि वही ग्रामपंचायतीत नोंद करून द्यावी. वहीच्या शेवटच्या पानावर टँकरचालकाचा, प्रयोगशाळेचा आणि पंचायत समितीच्या पाणीपुरवठा विभागाचा फोन क्रमांक लिहिलेला असावा.